झोंगूत विसांनी मोजलेली वेलची

मंगनमध्ये परमिटपायी अर्धा दिवस गेला, तेव्हा मी जाम वैतागलो होतो. उत्तर सिक्कीममधलं झोंगू लेपचा जमातीसाठी राखीव आहे. बाहेरच्याला तिथे जमीन घेता येत नाही, नुसतं जायचं तरी कागद लागतो. पण संध्याकाळी पासिंगडांगच्या होमस्टेत चुलीपाशी बसलो आणि त्या कागदाचं मोल कळलं. घरात सगळा कारभार लेपचात, मांजराला हाकलायचं तेही लेपचात. माझ्याशी हिंदी, दारात आलेल्या जीपवाल्याशी नेपाळी. दार्जिलिंग-कालिम्पोंगकडे बऱ्याच लेपचा घरांत आता नेपाळीच चालते.

घरधनीणबाईंनी 'ची' पुढे केली. नाचणी आंबवून करतात. वरून गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या नळीने सावकाश ओढायचं. पलीकडे आजोबा मोठ्या वेलचीच्या बोंडांचे ढीग लावत होते. कात, न्येत, साम... म्हणजे एक, दोन, तीन. विसाला 'खा कात', चाळिसाला 'खा न्येत'. एक विसा, दोन विसा! माझी आजी वय विचारलं की 'तीन विसा न् वर धा' म्हणायची, ते एकदम आठवलं. आजोबांचा हिशोब चालू असतानाच नात मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "फोर्टी."

तीच नात शाळेत लेपचा शिकते. १९७७ पासून सिक्कीमच्या राजभाषांत लेपचाही आहे. तिने वही दाखवली. या लिपीत अक्षराच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनाची खूण डोक्यावर चढते, म्हणजे 'कात'मधला त हा क-च्या माथ्यावर. मला गंमत वाटली, मग लक्षात आलं की आपला अनुस्वार तरी दुसरं काय करतो! अक्षर सुंदर होतं तिचं. पण वहीच्या समासात मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी होती, ती नेपाळीत.

लेपचा मातृभाषा सांगणारे २००१च्या जनगणनेत देशभरात पन्नास हजारांवर होते, २०११मध्ये सत्तेचाळीस हजार. शाळेने लिपी टिकेल. चुलीपाशी काय बोलायचं ते मात्र ही मुलगी ठरवणार, आणि तिच्यावर हे ओझं टाकणारा मी कोण? माझा भाचा पुण्यात राहून एकोणऐंशी म्हटलं की गडबडतो.

सकाळी निघताना आजोबांना वय विचारलं. "खा फली," ते म्हणाले.

फली म्हणजे चार. मी हिशोब केला आणि मराठीतच म्हणालो, "चार विसा?" नातीने हसत त्यांना काहीतरी सांगितलं, लेपचात.