ट्रेमध्ये साठतं ते तेल नाही

इलेक्ट्रिक ग्रिलवर खरंच बिनतेलाचा स्वयंपाक होतो का? आधी सरळ उत्तर देतो. तेल लागतं. कमी लागतं, पण लागतं.

सकाळच्या फिरण्यात आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी असतो. दुसरी फेरी संपून कट्ट्यावर बसलो की गुडघे, पेन्शन, मुलांचे फोन हे सगळं उरकतं आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळतं. "तुमच्या त्या इलेक्ट्रिक ग्रिलवर रोज करता तरी काय हो? आणि बिनतेलाचं खाऊन जेवल्यासारखं वाटतं का?" गेल्या आठवड्यात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला. विचारणाऱ्याच्या घरी लेकीने तसंच यंत्र पाठवलंय आणि तीन महिने त्यावर फक्त चीज सँडविच होतंय. चालता चालता सांगायला गेलो की मला दम लागतो आणि अर्धं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

आमच्याकडे ग्रिल आला तो मुलाची भेट म्हणून, आणि गेला थेट माळ्यावर. वर्षभर तो तिथे जुन्या इडलीपात्राशेजारी पडून होता. मी निवृत्त झालो, हिची शाळेची नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती, म्हणून रात्रीचं जेवण माझ्याकडे आलं. त्याच सुमारास रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती गोल काढला आणि "तळलेलं जरा बघा" एवढंच म्हणाले. मी शिडी लावली.

या यंत्राचा जन्म आपल्या स्वयंपाकघरासाठी झालेला नाही, हे मला फार उशिरा कळलं. दोन तापणाऱ्या प्लेटी, बिजागरीचं झाकण, खालची प्लेट पुढे किंचित उतरती आणि तिच्या टोकाशी ट्रे, ही रचना जगभर पोचवली ती जॉर्ज फोरमनच्या नावाने. तोच तो बॉक्सर, १९७४ मध्ये किन्शासाला मोहम्मद अलीकडून हरलेला. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, पंचेचाळीसाव्या वर्षी तो पुन्हा हेवीवेट विजेता झाला आणि त्याच सुमारास त्याचं नाव लावलेला ग्रिल अमेरिकेत दुकानांत आला. तिथे त्यावर भाजायचे ते बर्गरचे, म्हणजे चरबीदार खिम्याचे गोळे. तापले की चरबी वितळून उतारावरून ट्रेमध्ये जायची, गिऱ्हाईकाला ती डोळ्यांनी दिसायची, यंत्र खपायचं. हिशेब चोख होता.

आता तुमच्या ओट्यावर बघा. आपल्याकडे चरबी भेंडीत नसते, दुधी भोपळ्यात नसते. ती तेलाच्या बरणीतून येते. भेंडी ग्रिलवर ठेवलीत तर ट्रेमध्ये काय उतरणार? पाणी. मी पहिले काही दिवस रोज कौतुकाने ट्रे ओढून बघायचो, "बघ, किती तेल निघालं" म्हणून हिला दाखवायचो. तिने एकदा बोट बुडवून चोळलं आणि म्हणाली, "अहो, हे पाणी आहे."

तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली.

पहिला प्रयोग पनीरचा होता. पाकीट फोडलं, तुकडे केले, दही-तिखट-आलं-लसूण लावलं, झाकण बंद केलं. पाच मिनिटांनी उघडलं तर पांढऱ्या पाण्यात तरंगणारे मऊ गोळे आणि वर वाफेचा ढग. हिने शेजारून मान डोकावून "हे ग्रिल नाही, मोदकपात्र आहे" असा शेरा मारला, आणि तो अक्षरशः खरा होता. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो. खमंगपणा, तो तपकिरी रंग, तो वास, हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढचं काम. पाणी जाईपर्यंत तुम्ही भाजत नसता, उकडत असता. वर झाकण बंद, म्हणजे वाफेलाही वाट नाही.

म्हणून माझी सगळी विद्या पाण्याची आहे. पनीर पंचात गुंडाळून वर पाटा ठेवून अर्धा तास दाबायचं. दही लावायचं तर चक्का करून, त्यात चमचाभर भाजलेलं बेसन घालून, म्हणजे मसाला तुकड्याला धरून राहतो. भाज्या धुतल्यावर चाळणीत ठेवून भागत नाही, पुसाव्या लागतात. मीठ दोन प्रकारे: वांगं, दुधी यांना आधी चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, बाकी भाज्यांना मीठ उतरवल्यावर. ग्रिल त्याच्यावरच्या दिव्याचा रंग बदलेपर्यंत पूर्ण तापू द्यायचा, त्याआधी एक तुकडाही ठेवायचा नाही. आणि प्लेट अर्धी रिकामी ठेवायची. दाटीवाटीने लावलेल्या भाज्या एकमेकींना वाफवतात. शेवटची दोन मिनिटं झाकण उघडं.

पाणी गेलं की उरतं ते चवीने घट्ट होतं. तेल कमी करून जेवण फिकं का लागत नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. लाल भोपळ्याची बोटाच्या पेराएवढ्या जाडीची चकती दोन्ही बाजूंनी रेघा पडेपर्यंत भाजली की तिच्यात गूळ घातल्यासारखा गोडवा येतो. आमच्याकडे पूर्वी भोपळ्याचं भरीत उकडून व्हायचं, पाणचट. आता मी चकत्या भाजतो, साल काढतो, काट्याने ओबडधोबड कुस्करतो, घट्ट दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि वर एकाच चमच्याची मोहरी-हिंगाची फोडणी. हे भरीत मी पाहुण्यांनाही वाढतो, न सांगता. कोबीचं तसंच: दांडा न काढता जाड फोडी करायच्या, म्हणजे पानं सुटत नाहीत, दोन्ही कापलेल्या बाजूंना तेलाचं बोट फिरवायचं आणि दहा मिनिटं विसरून जायचं. कडा काळपट, आतून गोड. त्यावर लिंबू आणि शेंगदाण्याचं कूट. ज्या कोबीच्या भाजीसाठी मी लहानपणी आईशी भांडलो, तोच हा कोबी, यावर माझाच विश्वास बसत नाही.

"ग्रिल्ड व्हेजिटेबल" अशी ताटली मात्र मी मांडत नाही. दोन दिवस बरी वाटते, तिसऱ्या दिवशी आजाऱ्याचं जेवण होतं. भाजलेली भाजी आपल्या नेहमीच्या पदार्थात गेली पाहिजे. सिमला मिरची पीठ पेरून करायची असेल तर आधी भाजा, मग कढईत भाजलेलं बेसन आणि नावापुरतं तेल पुरतं. टोमॅटो, कांदा, लसूण भाजून पाट्यावर किंवा मिक्सरला फिरवलात की चटणी. भेंडी उभी चिरून, आमचूर लावून. रताळं आधी उकडून मग भाजायचं, कच्चं ठेवलंत तर बाहेर कोळसा आणि आत दगड.

वांग्याच्या कापांवर मी महिना घालवला. काप म्हणजे रवा आणि तांदळाचं पीठ, आणि कोरडा रवा बिनतेलाचा कितीही तापवा, दाताखाली वाळूच येते. पीठ खरपूस व्हायला तेल लागतंच, तिथे हट्ट उपयोगाचा नाही. आता मी मीठ लावून पिळलेल्या कापांना मसाला चोळतो, रव्याऐवजी तांदळाच्या पिठाचा पातळ हात देतो आणि ब्रशने वरून तेल. बारा कापांना दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिली, म्हणजे नव्वदच्या आत कॅलरी. तव्यावर करताना वांगं स्पंजसारखं तेल पितं आणि आपण "अजून थोडं" करत सोडत राहतो. त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी आता. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडावेत.

बांगडा या यंत्रासाठीच जन्मला असं माझं मत आहे. त्याच्या अंगात स्वतःचं तेल आहे, तेही डॉक्टर ज्याला चांगलं म्हणतात ते. वरून थेंबही नको. साफ करून, पुसून, चिरा देऊन हळद, तिखट, ठेचलेला लसूण, मीठ आणि कोकमाचं आगळ. वाटण घट्ट, ओघळणारं नको. तिरफळ असेल तर ठेचून दोन दाणे. वीस मिनिटं मुरू द्या, तासभर नाही, आंबटाने मांस भुसभुशीत होतं. अडचण एकच: डोक्याकडे मासा जाड, शेपटीकडे पातळ. सगळे एका दिशेने लावलेत की झाकण डोक्यांवर टेकतं आणि शेपट्या कच्च्या. म्हणून एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. हे मला मासळीबाजारातल्या मावशींनी सांगितलं, आणि त्यांनी आयुष्यात ग्रिल पाहिलेला नव्हता! त्यांच्या टोपलीत मासे तसेच रचलेले होते. सात-आठ मिनिटं. मध्ये उचलून बघायचा मोह टाळा. कातडी भाजली की आपोआप प्लेट सोडते, आधी ओढलीत तर प्लेटवरच राहते. सुरमईच्या तुकड्यांना पाच मिनिटं पुरतात. वासाचं म्हणाल तर तो येतोच. झाकण बंद असल्याने धूर कमी, पण शेजाऱ्यांना काय शिजतंय ते कळतं.

चिकन करायचं तर बिनहाडाचं आणि ठोकून एकसारख्या जाडीचं. हाडाजवळ ते कच्चं राहतं, आणि आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेल्याशिवाय ते खाऊ नये. थर्मामीटर नसेल तर सर्वात जाड तुकडा कापून बघावा.

उकडलेल्या वड्यांनाही ग्रिल मानवतो. कोथिंबीर वडी, अळूवडी तळण्याऐवजी कापून, ब्रश फिरवून पाच मिनिटं. तळलेल्या अळूवडीची सर येते का? नाही. पण कडा कुरकुरीत होतात, आणि मंगळवारच्या साध्या जेवणात हिने दोन जास्त घेतल्या. हे मी प्रशस्तिपत्रक धरतो.

काय होत नाही तेही ऐका. भाकरी होत नाही. साबुदाणा वडा चपटा होऊन चिकटतो आणि मग तासभर खरवडत बसावं लागतं. ज्यात साखर, गूळ किंवा टोमॅटो सॉस आहे ते आधी करपतं, म्हणून गोड मसाला शेवटच्या मिनिटाला. आणि वांग्याचं भरीत! वांगं मऊ होतं, साल सुटते, पण धूर कुठून आणणार? खानदेशात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लंय, त्याच्यासमोर ग्रिलचं भरीत ठेवू नये. मी वाटीत निखारा ठेवून, त्यावर थेंबभर तूप सोडून, पातेलं झाकून धुरी देतो. पन्नास टक्के काम होतं. हुरडा निखाऱ्यावरच, आमच्या रायगडाकडची पोपटी, म्हणजे भाजलेल्या वालाच्या शेंगा, मडक्यातच, आणि दोन्ही शेतातच. त्यांची आठवण या यंत्राला करून देण्यात अर्थ नाही.

"मग हे आरोग्याला चांगलं का?" हा कट्ट्यावरचा पुढचा प्रश्न. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. दोन ब्रेड, चीजचे दोन काप आणि लोणी घालून झाकण दाबलंत तर बाहेर तेच येतं, फक्त रेघा मारलेलं. शिवाय लोण्यातला दुधाचा अंश करपतो आणि घर धुराने भरतं. चवीसाठी हवंच असेल तर तूप, ते उष्णता सोसतं. दुसरं, खरपूस आणि करपलेलं यांत फरक ठेवा. मांस-मासे फार तापवून काळे केले की त्यात नको ती रसायनं तयार होतात, बटाटा-पावासारख्या पिठूळ पदार्थांतही जास्त तपकिरी रंगाबरोबर ॲक्रिलामाइड वाढतं. काळा भाग मी सुरीने खरवडून टाकतो. मसाल्यात मुरवून भाजलेल्या मांसात ती रसायनं कमी होतात असंही दिसून आलंय, म्हणजे आपलं आलं-लसूण-आगळ नुसतं चवीला नाही. माझं कोलेस्टेरॉल उतरलं, हो. पण मी त्याच वर्षी चालायलाही लागलो आणि गोळीही सुरू होती, त्यामुळे श्रेय एकट्या ग्रिलला देत नाही. एवढं नक्की सांगतो, आम्हा दोघांना महिन्याला तीन लिटर तेल लागायचं, आता दीड पुरतं. आणि रविवारी ही स्वतः कढई चढवते, कांदाभजी होतात. त्या दिवशी ग्रिलवर टॉवेल टाकलेला असतो.

धुण्याचं थोडं. नॉनस्टिक प्लेटीवर स्टीलचा कालथा किंवा तारेची घासणी फिरवलीत की दोन महिन्यांत ती संपली. लाकडी उलथनं घ्या. काम झालं की प्लग काढायचा, प्लेट कोमट असताना ओला जाड कपडा ठेवून झाकण मिटायचं आणि जेवायला बसायचं. उठेपर्यंत ओलाव्याने सगळं सुटलेलं असतं, पुसलं की झालं. आख्खा ग्रिल नळाखाली धरायचा नाही. मी धरला होता. नवा घेताना मुलाला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आणि ज्यांच्याकडे लेकीने पाठवलेलं यंत्र आहे त्यांच्यासाठी शेवटचं. परवा तुमच्याकडे चहाला आलो होतो तेव्हा बघितलं, तुम्ही ते मिक्सरच्या छोट्या प्लगला एक्स्टेंशन लावून चालवता. मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात ते वाचा. माझा दीड हजारांचा आहे, तेवढा भार ६ अँपिअरच्या पॉइंटने सोसायचा नसतो. फ्रिजमागे तुमच्याकडे १६ अँपिअरचा मोठा पॉइंट आहे, ओटाही तिथवर येतो. आधी ते करा. बुधवारी बाजारात बांगडा चांगला असतो.