मोल्सवर्थ आडनावाचा माग काढताना

कँडी बंधूंच्या साहाय्याने १८३१ साली सिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढवलेल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशामुळे मोल्सवर्थ हे नाव आपल्याकडे इतके मुरले आहे की ते एका माणसाचे आडनाव आहे, याचाही पुष्कळांना विसर पडतो. मुद्रितशोधनाच्या कामात हा कोश मी वर्षानुवर्षे वापरला आणि निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर या आडनावाचे मूळ नि त्याच्या शाखा शोधायला घेतल्या. आडनाव दुर्मीळ असल्यामुळे काम सोपे जाईल, असे सुरुवातीला वाटत होते.

मूळ सापडायला फारसा वेळ लागला नाही. पूर्वीच्या हंटिंग्डनशायर परगण्यात आणि आजच्या केंब्रिजशायरमध्ये मोल्सवर्थ नावाचे लहानसे गाव असून, १०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडमधील जमीनजुमल्याच्या पाहणीतही त्याची नोंद आहे. गावावरून आडनाव पडण्याची ही रीत आपल्या पुणेकर-सातारकरांहून वेगळी नाही. मात्र चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचे दुसरेच गाव आहे. जुने कारकून कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे एका ‘ल’पुढे ‘ड’ आला की नाही, एवढ्यावर दोन निराळी घराणी एकमेकांत मिसळण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक नोंदीत आधी परगणा पाहायचा आणि मगच आडनाव, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

इंग्लंडमधील जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू होते. त्यामागे जायचे तर १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागलेल्या चर्चच्या नोंदवह्यांना पर्याय नाही. १८४१ च्या जनगणनेवर विसंबणाऱ्याने मात्र जपून असावे. तीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली असतात आणि जन्म त्याच परगण्यात झाला की नाही, एवढेच विचारलेले असते. माणसाचा जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत झाला, हे १८५१ च्या जनगणनेपासून कळू लागते. जुन्या वह्यांतील आणखी एक खोच म्हणजे, १७५२ पूर्वी तिथले वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे फेब्रुवारी १६८८ असे लिहिलेले मूल आपल्या हिशेबाने १६८९ मधले असते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास आईबापांच्या लग्नाआधीच मुले जन्मल्याचे चमत्कार वंशवृक्षात दिसू लागतात.

खरा गुंता पुढे होता. एक शाखा कॉर्नवॉलमधील पेनकॅरोची आणि दुसरी आयर्लंडमधील. दोन्हींत जॉन, रॉबर्ट, विल्यम हीच नावे फिरून फिरून येतात. हा गुंता सुटला तो आयांमुळे. आईच्या माहेरचे आडनाव मुलाला पहिले नाव म्हणून देण्याची चाल इंग्रज घराण्यांत होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात नॉर्थॅम्प्टनशायरहून कॉर्नवॉलला गेलेल्या जॉन मोल्सवर्थने तिथल्या हेंडर घराण्यातील मुलीशी लग्न केले आणि पुढे त्या वंशात हेंडर मोल्सवर्थ हे नाव उमटले. आयर्लंडकडे पहिले व्हायकाउंट रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) यांची आई बिस घराण्यातील होती, आणि त्यांच्या एका मुलाचे नाव बिस मोल्सवर्थ होते. वंशावळींत स्त्रियांना एका ओळीत गुंडाळतात, पण त्यांच्या आडनावांवाचून मला एक पिढीही खात्रीने जुळवता आली नसती.

इंटरनेटवर तयार मिळालेल्या एका वंशवृक्षात पेनकॅरोचे सगळे वंशज याच हेंडरच्या खाली लटकवलेले होते. जमैकाचा गव्हर्नर असलेला हेंडर १६८९ साली बॅरोनेट या वंशपरंपरागत पदवीचा मानकरी झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याला मूलबाळ नव्हते आणि पदवी त्याचा भाऊ जॉन याच्याकडे गेली. पदवी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणजे ते बापलेकच होते असे गृहीत धरून केलेली ती जोडणी होती, आणि तिची नक्कल इतर अनेक वृक्षांत झालेली दिसली. तेव्हापासून मूळ नोंदीचा आधार न दिलेले झाड मी उघडूनही पाहत नाही.

कोशकार जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते, हे इथे उपयोगी पडते. कंपनीच्या कॅडेटांना अर्जाबरोबर वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे आणि असे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ठेवलेले आहेत. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कोणत्याही इंग्रजाचे कूळ शोधणाऱ्याने इंग्लंडमधील गावोगावची चर्चे धुंडाळण्याआधी हे दप्तर पाहावे.

पेनकॅरोच्या शाखेत पुढे आणखी एक अडचण येते. तत्त्वज्ञ हॉब्जच्या ग्रंथांचे संपादन करणारे सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ साली निपुत्रिक वारले आणि पदवी चुलत घरात गेली. पुढे ती मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असे जोडआडनाव लावणाऱ्या शाखेकडे आली. सूचीकाराने अशी माणसे कोणत्या अक्षराखाली घातली असतील याचा नेम नसतो, म्हणून तिथून पुढची प्रत्येक सूची दोन्ही आडनावांखाली पाहावी लागते.