कनेक्शन माझ्या नावावर आहे

आमच्या घरचं इंटरनेट कनेक्शन माझ्या नावावर आहे. अर्जावर सही माझी, आधार माझं, बिल माझ्या खात्यातून जातं. मी घरूनच डीटीपीचं काम करते. मराठी पुस्तकांची पानं लावायची, प्रुफातल्या दुरुस्त्या घ्यायच्या आणि शेवटची पीडीएफ प्रेसला पाठवायची. नेट गेलं की घरात सगळ्यात आधी माझंच काम अडतं.

गेल्या वर्षीपासून नणंदेचा मुलगा आमच्याकडे राहतो. मूळचा बार्शीचा. एमपीएससीचा अभ्यास करतो, दिवसभर पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असतो आणि रात्री जेवायला घरी येतो. गुणी मुलगा आहे. स्वतःचं ताट स्वतः घासतो, सासूबाईंच्या गोळ्या न सांगता आणून देतो. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्याच्याबद्दल भलतं मत करून घेणार नाही.

दिवाळीनंतर माझ्या फाइली प्रेसला जाईनाशा झाल्या. डाउनलोडचा स्पीड ठीक, अपलोड मात्र जागच्या जागी. त्यात महिना संपायच्या आत एफयूपी, म्हणजे महिन्याला ठरवून दिलेला डेटा, संपल्याचा मेसेज आला. चौघांच्या घरात इतका डेटा जाईलच कसा, म्हणून नेटवाल्या मुलाला बोलावलं. त्याने राउटरचं पान उघडलं, जोडलेल्या उपकरणांची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मागच्या खोलीतला लॅपटॉप रात्रभर अपलोड करत होता. "ताई, कुणाचं तरी टोरंट चालू आहे," एवढंच म्हणाला आणि शहाण्यासारखा निघून गेला.

टोरंटमध्ये नेमकं काय होतं हे मला तोवर धड माहीत नव्हतं. त्या रात्री वाचून काढलं. सिनेमाची फाइल एका जागेवरून आपल्याकडे येत नाही. तिचे हजारो तुकडे असतात, ते जगभरच्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवरून येतात, आणि आपल्याकडे आलेला तुकडा आपला कॉम्प्युटर लगेच पुढच्याला देऊ लागतो. फाइल पूर्ण उतरल्यावरही प्रोग्रॅम चालू ठेवला तर हे देणं चालूच राहतं. त्यालाच ही मुलं सीडिंग म्हणतात. हे करताना आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा क्रमांक, त्या सगळ्या अनोळखी लोकांना दिसतो, आणि तो पत्ता घराचा असतो. लॅपटॉप कुणाचा, मागच्या खोलीत कोण बसलंय, हे बाहेरून कळत नाही.

कायद्याचा मुद्दा इथेच येतो. 2016 मध्ये चोरीचे सिनेमे देणाऱ्या, ब्लॉक केलेल्या साइट उघडल्या की 'हे पाहणं गुन्हा आहे' अशा अर्थाची सूचना झळकायची. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं होतं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, सार्वजनिक प्रदर्शन करणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. मुलं यातला पहिला अर्धाच लक्षात ठेवतात. टोरंट लावलं की तुम्ही वाटायलाही लागलेले असता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पासवर्ड बदल आणि विषय संपव. उगाच ताईच्या कानावर कशाला घालायचं? मला ते पटलं नाही. भाच्याला सकाळी पासवर्ड चालला नसता, त्याने तो मागितला असता, मी काहीतरी कारण सांगितलं असतं, आणि त्याला खरं कारण कळूनही आम्ही दोघं गप्प राहिलो असतो. एका घरात, एका टेबलावर जेवणाऱ्या माणसांनी असं राहायचं हे मला सहन होत नाही. शिवाय त्याच्या मोबाइलमध्ये रोजचा डेटा आहेच. राउटर बंद करून त्याचं डाउनलोडिंग थांबणार नव्हतं, फक्त मला दिसायचं थांबलं असतं.

म्हणून रविवारी दुपारी, सासूबाई झोपल्यावर, त्याला समोर बसवलं. राउटरचं पान दाखवलं. त्याने नाकारलं नाही. सिनेमे, दोन वेबसीरिज, एक क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून कुलूप तोडलेलं, पीडीएफचं सॉफ्टवेअर. या शेवटच्यावर मी खरी चिडले. तो क्रॅक चालावा म्हणून त्याने अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. त्याच नेटवर्कवर माझ्या मशीनमध्ये लोकांची न छापलेली पुस्तकं पडलेली असतात. लेखक ती माझ्या भरवशावर देतात.

तो म्हणाला, "मामी, आपल्याला कोण शोधत येणार? आपला आयपी आपला एकट्याचा नसतोच, कंपनी एकच पत्ता कितीतरी घरांना वाटते." ते खरं आहे, बऱ्याच कंपन्या तसं करतात. पण कुठल्या वेळी कुणाला काय दिलं, याच्या नोंदी कंपनीला परवान्याच्या अटीप्रमाणे ठेवाव्या लागतात, आणि त्या नोंदीत नाव माझं आहे. माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिथे तर टोरंटवरून वकिलाची नोटीस येते ती थेट कनेक्शनधारकाला, पैशाच्या मागणीसकट. घर भाड्याने घेताना घरमालकाने तिला पहिली ताकीद हीच दिली होती. आपल्याकडे अशा नोटिसांचा सुळसुळाट नाही, हे मी त्याला मोकळेपणाने सांगितलं. खोटी भीती घालून त्याला गप्प करायचं नव्हतं. पण एवढं सांगितलं की निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात गुन्हा दाखल आहे का, हा रकाना असतो. ज्याला तहसीलदार व्हायचंय त्याने तो रकाना आत्तापासून डोळ्यांसमोर ठेवावा.

सिनेमांचं तिथेच मिटलं. घरात एका ओटीटीची वर्गणी आहे, तू याच घरात राहतोस, टीव्हीवर बघ म्हटलं. टोरंट आणि तो क्रॅक त्याने माझ्यासमोर काढून टाकले.

अडलं ते पुस्तकांवर. त्याच्या फोनवर टेलिग्रामचे कितीतरी चॅनेल आहेत, आणि त्यांवर स्पर्धा परीक्षेची जवळजवळ सगळी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये पडलेली आहेत. बघता बघता मला राज्यघटनेवरचं एक पुस्तक दिसलं. त्याची पानं मी लावली होती. घटनादुरुस्त्यांचं लांबलचक कोष्टक मी तीन पानांत कसं बसवलं होतं ते मला आठवतं. लेखकाचा मजकूर जुन्या फॉन्टमधला होता. तो युनिकोडमध्ये आणला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'मधला र तुटतो, आणि मग ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. त्या कोष्टकावर आता चॅनेलचं नाव आडवं छापलेलं होतं आणि पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता. मी ते पान त्याला मोठं करून दाखवलं. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून मी ते लावलं होतं.

मला पानामागे पैसे मिळतात, ते मिळाले. पुस्तक किती खपलं यावर माझी मजुरी ठरत नाही. पण पुढच्या वर्षीची सुधारित आवृत्ती निघणार की नाही, हे त्यावरच ठरतं. आमचे प्रकाशक आता प्रती पूर्वीपेक्षा कमी काढतात आणि त्यामुळे किंमत वाढवतात. किंमत वाढली की मुलं पीडीएफ शोधतात. लेखक म्हणजे कुणी बडी असामी नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकवून रात्री लिहिणारे गृहस्थ आहेत.

भाच्यानेही मुद्दा मांडला, आणि चांगला मांडला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला त्याला माहीत होता. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढून देणं योग्य ठरवलं. मग विद्यार्थ्याने पीडीएफ वाचली तर काय बिघडलं? मला त्याचा अभिमान वाटला. पण तो निकाल अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या भागांचा होता. अख्खं पुस्तक स्कॅन करून, वर आपलं नाव छापून हजारोंना वाटणाऱ्यांचा नव्हता. अशा चॅनेलवाल्यांबद्दल दिल्लीच्याच न्यायालयाने 2022 मध्ये काय केलं, हे मी त्याला वाचायला दिलं. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेची व्याख्यानं आणि पुस्तकं चोरून विकली जात होती, तेव्हा न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलवाल्यांचे फोन नंबर, ईमेल आणि आयपी पत्ते उघड करायला लावले.

मग तो हळूच म्हणाला, "पण मामी, क्लासची फी, मेस, अभ्यासिका, त्यात ही सगळी पुस्तकं. बाबांकडे किती मागू?" यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. हा प्रश्न खराच आहे. सदाशिव पेठेत राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा आहे, आणि त्याला 'चोरी वाईट' हे उत्तर पुरत नाही.

आम्ही यादी करायला बसलो. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच संकेतस्थळावर आहेत. एनसीईआरटी आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं अधिकृतपणे मोफत उतरवता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांनी स्वतःच खुली ठेवली आहेत, राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल सरकार दरवर्षी देतं. याच गोष्टी तो टेलिग्रामवरून, कुणाच्या तरी शिक्क्यासकट घेत होता. उरलेल्यांपैकी बरीचशी अप्पा बळवंत चौकात जुन्या बाजारातून अर्ध्या किमतीत आणली. मी सोबत गेले, घासाघीस मीच केली. संदर्भग्रंथांसाठी पुणे नगर वाचन मंदिर आहे. 1848 सालचं ग्रंथालय आपल्या शहरात असताना त्याचा उंबरा न ओलांडता मुलं आडव्या शिक्क्याची अंधूक पानं वाचतात, याचं मला फार वाईट वाटतं. राज्यघटनेचं ते पुस्तक मात्र मी त्याला नवीन घेऊन दिलं.

नणंदेचा फोन आला होता. त्यानेच आईला सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, "अगं, अभ्यासासाठीच घेतो ना पोरगा, एवढं काय?" मी त्यांना म्हटलं, ताई, तुमच्या दुकानातून कुणी अभ्यासासाठी म्हणून वह्या उचलून नेल्या तर तुम्ही त्याला थांबवालच, पण गरज असेल तर उधारीवरही द्याल. मी तेच करतेय. त्या थोड्या नाराज आहेत. होईल ठीक.

अपलोड आता सुरळीत आहे. टेलिग्रामचे सगळे चॅनेल त्याने सोडलेले नाहीत. चालू घडामोडींच्या नोट्स त्यावर येतात म्हणतो. त्याचा फोन मी तपासत नाही आणि तपासणारही नाही. पूर्वपरीक्षा झाली की आम्ही दोघं बसून एकेक चॅनेल बघणार आहोत. ज्यांच्या नोट्स त्यांच्या स्वतःच्या आहेत ते राहतील, बाकीचे जातील. त्याने हो म्हटलंय.