धूमकेतूची प्रत मोजताना

आज यवतेश्वरवरून धूमकेतूची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (आकडा मोठा तितकं तेज कमी), मोजली. साताऱ्याचे दिवे पूर्वेला राहतात, कासकडचं पश्चिम आकाश त्यामानाने काळं मिळतं, म्हणून संध्याकाळच्या धूमकेतूला हीच जागा.

७×५० बायनॉक्युलर पुरे. धूमकेतू स्पष्ट फोकसमध्ये बघून त्याच्या डोक्याचा आकार आणि सरासरी उजळपणा लक्षात ठेवायचा. मग जवळचे तारे फोकस बिघडवून तेवढेच फुगवायचे आणि तुलना करायची. ६.४ आणि ७.० प्रतीच्या ताऱ्यांच्या बरोबर मध्ये वाटला, तर ६.७. लाल तारे टाळा, डोळा फसतो. तुलनेचा तारा त्याच उंचीवरचा हवा. क्षितिजाजवळ हवा प्रकाश खाते, आणि वरचा तारा घेतला की धूमकेतू उगाच मंद ठरतो.

वेळ जागतिक वेळेत लिहा: आपल्या ७:३० चे १४:००, म्हणजे दिवसाचा ०.५८ भाग.

धूमकेतूची कक्षा काढायला मात्र त्याचं आकाशातलं अचूक स्थान लागतं, तेही किमान तीन वेळचं, आणि मधे पुरेसं अंतर ठेवून. फोटोत डोक्यातला सर्वात तेजस्वी बिंदूच मोजा. शेपटीकडचा पसारा धरला की केंद्र तिकडे सरकतं.