जिंकली तरी तोंड पाडून फिरा

टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या शोमध्ये मला काय विचारलं, मी काय बोलली, कुठं अडकली हे तुम्ही पाहिलंच असेल आणि नसेल पाहिलं तर कुणीतरी मोबाइलवर शूट करून ग्रुपवर टाकलेलं आहेच, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. शोचं नावही लिहीत नाही, इतक्या कागदांवर सह्या करून आली आहे की आता किराण्याची यादी लिहितानाही धाकधूक होते. मला लिहायचंय ते शूटिंग झालं आणि एपिसोड दिसला याच्या मधल्या दिवसांबद्दल.

बऱ्याच लोकांना वाटतं की हे लाइव्ह असतं. नसतं हो. आज शूट केलेलं दिसायला आठवडे जातात आणि तोवर किती जिंकले हे कुणाला सांगायचं नाही असं लिहून घेतात. बरोबरच आहे त्यांचं, निकाल आधीच फुटला तर पाहील कोण. पण हे लिहून घेणारे कधी नागपुरात, त्यातही महाल भागातल्या गल्लीत राहिलेले नसणार. इथं कुणाच्या घरी वांग्याची भाजी लागली हे तिसऱ्या घरी वासावरून नाही, बोलण्यातून कळतं.

आणि सोबत कोण, तर आई. सोबत एक जण नेता येतो, नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आई. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. रात्रभर गाडीत अकोला, भुसावळ, मनमाड करत मी जीके कमी आणि आईलाच जास्त घोकून घेत होती, "आई, कुणी काही विचारलं तर काय म्हणशील?" "काही नाही म्हणीन." "कशी म्हणशील, म्हणून दाखव." ती म्हणायची आणि हसायची. झालं, म्हटलं, ही पहिल्याच दिवशी फोडणार.

तिथं गेल्यावर मोबाइल जमा, मग कपडे तपासणं. पांढरं नको, बारीक चौकडा नको, बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात ते थरथरल्यासारखं दिसतं. माझी करवतकाठी पास झाली, आईची बारीक चौकड्याची साडी नापास, मग तिनं माझी जास्तीची निळी साडी नेसली आणि पूर्ण वेळ पदरच सावरत बसली.

आम्ही दहा जण होतो. एक सर यूपीएससीचा अभ्यास करणारे, त्यांच्यापुढे मी काहीच नाही, खरंच सांगते, जेवताना त्यांनी घटनेची कलमं अशी म्हणून दाखवली की माझा वरणभात गार झाला. पण फास्टेस्ट फिंगरला, म्हणजे सगळ्यात आधी बरोबर क्रम लावेल तो हॉटसीटवर खेळायला जातो त्या फेरीला, ज्ञान लागतं थोडं आणि बोटं लागतात जास्त. नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा, उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा, हे दहाच्या दहा जणांना येत होतं. ऑप्शन उलटेपालटे दिलेले असतात, तिथं मेंदूपासून बोटापर्यंत जो उशीर होतो ना, तोच सगळा खेळ. मी पतसंस्थेत कॅशला बसते, दिवसभर आकडेच बडवते, शिवाय घरी जुन्या रिमोटच्या 1-2-3-4 बटणांवर प्रॅक्टिस केली होती. सर माझ्यापेक्षा हुशार होते आणि नदीकाठीच राहिले. मला अजून वाईट वाटतं.

हॉटसीटचं एवढंच सांगते की आमच्या वेळी दहावा प्रश्न पार झाला की बक्षीस 3,20,000 च्या खाली येत नव्हतं, म्हणून अकराव्याला तुक्का मारायलाच पाहिजे, न मारणारे का मारत नाहीत मला कळत नाही. माझा लागला. बाराव्याला मात्र चुकलं असतं तर निम्मे गेले असते, म्हणून 6,40,000 वर नमस्कार करून उठली.

परत आल्यावर गल्लीचं एकच, "मंग? काय झालं?" आता 2019 मध्ये आपल्या अमरावतीकडच्या, अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडेंनी एक करोड जिंकले होते ना, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईनं, तेव्हापासून विदर्भातून कुणी गेलं की लोकांचा अंदाज करोडपासूनच सुरू होतो. मी "एपिसोड पाहा" म्हणून सटकायची. आणि आई? आईनं काय केलं तर तोंड पाडलं. एक शब्द बोलली नाही. कुणी विचारलं की "जाऊ दे वं" म्हणून मोठा सुस्कारा टाकायची आणि डोळ्याला पदर लावायची. मी पाहतच राहिली. चार दिवसांत गल्लीचं पक्कं झालं की पोरगी पहिल्याच प्रश्नाला आऊट झाली.

समोरच्या काकू तर सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन आल्या. गरम, कढीसोबत, वरून माझ्या पाठीवर हात, "हरली तं हरली, तिथवर गेली हेच काय कमी हाय?" मला गिळवेना. आईनं मात्र तेच पडलेलं तोंड ठेवून तीन खाल्ल्या आणि चौथी माझ्या ताटातली उचलली.

एपिसोडच्या रात्री हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाचवा प्रश्न झाला, सातवा झाला, काकू एकदा टीव्हीकडे आणि एकदा आईकडे पाहून राहिल्या होत्या. दहाव्याला त्या उठूनच उभ्या राहिल्या, "काय वं माय, मी वड्या काऊन आणल्या होत्या मंग?" आई म्हणाली, "हाव नं, चांगल्या झाल्या होत्या." आणि बाकी बायकांचं काय चाललं होतं, तर ही निळी साडी आईची नाही, लेकीची आहे. उत्तरं गेली खड्ड्यात.

आता पार्टीचं सुरू आहे. सगळ्यांना 6,40,000 च दिसतात. अरे बाबांनो, बक्षिसावर सरळ 30 टक्के टॅक्स असतो, स्लॅब नाही, बचतीवरची सूट नाही, काही नाही, म्हणजे 1,92,000 तिथंच कापले जातात आणि त्या टॅक्सवर 4 टक्के सेस, ते 7,680 वेगळे. हातात उरतात 4,40,320. हा हिशोब मी वहीवर मांडून काकूंना दाखवला. त्यांनी वही नीट पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तू आता तुझ्या मायसारखंच करून राहिली."