कुस्तीच्या जाहिराती, जुने फोटो आणि वस्तादांच्या आठवणी जपताना

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास म्हटला की गदा मिळवलेल्यांची यादी पुढे येते. १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी, म्हणजे देशपातळीवरच्या कुस्तीचे विजेते, झालेले श्रीपती खंचनाळे, लगोलग १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांबरोबर पदकं जिंकणारे मारुती माने. ही नावं पुसली जाणार नाहीत. पण त्यांच्याबरोबर पहाटे तालमीतला मातीचा हौदा उकरणारे, संध्याकाळी त्यांच्याशी लढत धरणारे, जत्रेत तिसऱ्या नंबरची कुस्ती मारून त्या इनामावर खुराक भागवणारे पैलवान कुठल्याच यादीत सापडत नाहीत. आमचे थोरले चुलते त्यांतलेच. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी कुस्त्यांच्या जाहिरातींची चळत निघाली. घरात कुणालाच त्यांतली निम्मी नावं ओळखता येईनात. तिथून मी अशा पैलवानांच्या जाहिराती, फोटो आणि आठवणी नोंदवून ठेवायच्या कामाला लागलो.

सुरुवातीला लोक टाळायचे. ‘बघू दिवाळीनंतर’, ‘थोरला मुलगा पुण्याहून आला की काढून ठेवतो’. मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली पुरं झालेलं खासबाग कुस्ती मैदान त्याला अगदी लागून. आगीची झळ मैदानाच्या व्यासपीठाकडच्या बाजूलाही बसली. अख्खं शहर रस्त्यावर येऊन हळहळत होतं. त्यानंतर जी घरं दिवाळीवर ढकलत होती तिथूनच फोन यायला लागले, ‘ये बाबा, फोटो घेऊन जा आणि काय करायचं ते कर.’

पहिलं काम जाहिरातींचं. ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असं वर ठळक छापलेलं, खाली जोड्या, प्रत्येकाच्या नावापुढे तालीम आणि ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’, मग इनामाची रक्कम, तिकिटाचे दर, शेवटी पंचमंडळी आणि यात्रा कमिटी. सगळं असतं, फक्त साल नसतं. तिथी आणि वार छापून मोकळे. छापणाऱ्यांना तरी साल कशाला लागतंय, जत्रा तर पुढच्या आठवड्यात!

साल काढायला मग त्या कागदालाच विचारावं लागतं. तिकीट आण्यात असेल तर जाहिरात बहुतेक १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. गावापुढे ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६० यांमधली, कारण त्यानंतर त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. खंचनाळेंच्या नावामागे नुसतं ‘पै.’ आहे की ‘हिंदकेसरी’, हे पाहिलं की १९५९ च्या आधीची की नंतरची ते कळतं. कुणाच्याही नावाला महाराष्ट्र केसरी लागलं असेल तर १९६१ ची किंवा त्यानंतरची. एवढ्यावर दोन-तीन वर्षांच्या आत येता येतं. मग तिथी आणि वार जुन्या पंचांगात ताडून पाहायचे, की नेमकी तारीख हाती लागते. या कामात मला फार आनंद मिळाला, हे मोकळेपणानं सांगतो. एका जाहिरातीची तारीख पक्की झाली की तिच्यावरच्या सगळ्या जोड्यांना जागा मिळते. ज्यांचं नाव घरातल्या लोकांखेरीज कुणी घेत नव्हतं, त्या पैलवानांनाही.

एका छापखान्यात असल्या जाहिरातींचे नमुने वर्षानुवर्षं तारेला ओवून ठेवलेले असायचे. मी पोचलो तोवर जागा बदलताना सगळे रद्दीत गेले होते. म्हणून आता कुठं काही आहे असं कानावर आलं की मी त्याच आठवड्यात जातो.

आठवणी घेणं हे मात्र कागदापेक्षा कितीतरी अवघड. जुन्या पैलवानाला ‘तुमची गाजलेली कुस्ती सांगा’ म्हटलं की उत्तर एका ओळीत येतं, ‘लई गाजली. पाच मिनिटांत चितपट केला.’ संपलं. बढाई मारायची नाही हे वस्तादांनी लहानपणीच अंगात भिनवलेलं असतं, आणि सवयीनं तीच चार वाक्यं प्रत्येक पाहुण्याला सांगितलेली असतात. बरेच दिवस मी असल्या एक ओळीच्या मुलाखती घेऊन परत येत होतो.

वाट सापडली ती पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात. आबांचं वय नव्वदीला टेकलेलं, दोन्ही कान कुस्तीनं मोडून कळीसारखे झालेले. तासभर बोलून काही हाती लागेना. सहज विचारलं, ‘आबा, कलाजंग डाव मारला म्हणता, पण त्याचा हात तुमच्या हातात आला कसा?’ म्हातारा खाटेवरून उठलाच. नातवाला हाक मारली, ‘ये रं इकडं, हुबा ऱ्हा.’ डाव्या हातानं नातवाच्या दंडाला कोपराच्या वर धरलं, उजवा हात मांडीच्या आतून घातला, डोकं त्याच्या बरगडीखाली नेलं आणि एक गुडघा जमिनीला लावून तिथंच थांबले. आणि त्या अवस्थेत, नातवाचं वजन खांद्यावर तोलत, बोलायला लागले. मातीत त्या दिवशी पाणी जास्त पडलं होतं, पाय सरकत होता. समोरच्यानं अंगाला तेल चोळलेलं असावं, हात दोनदा निसटला. कडेला हलगी वाजत होती ती मधेच थांबली. उचलायच्या आधी वस्तादांचा आवाज आला होता, ‘आता!’ सून आतून ओरडत होती, ‘मामा, बसा खाली, कंबर धरंल!’ आबांना काही ऐकू जात नव्हतं.

तेव्हापासून मी डावावरून सुरुवात करतो. पकड कुठं होती, कब्जा कुणाचा होता, घिस्सा कुठल्या बाजूनं फिरवला, पट काढताना समोरच्यानं मान कुठं दाबली. हात हलायला लागले की गाव, माणसं, इनाम, भांडणं सगळं मागोमाग येतं. म्हणून नुसतं ध्वनिमुद्रण पुरत नाही, व्हिडिओच हवा, तोही डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा. नुसता चेहरा टिपला तर अर्धी कुस्ती गेलीच. शक्य असेल तर तालमीतला एखादा तरुण पठ्ठा बरोबर न्यायचा. त्याच्यावर डाव करून दाखवता येतो आणि मला सुचणार नाहीत असे प्रश्न तो विचारतो. एकदा असा पोरगा एका वस्तादांकडून ढाक या डावाचा एक बारकावा शिकून आला आणि त्याच आठवड्यात मॅटवर वापरला. मला त्या दिवशी झालेलं समाधान कुठल्याही चळतीनं दिलं नाही.

वेळ मात्र त्यांची सांभाळायची. सकाळची न्याहरी उरकल्यावर माणूस निवांत असतो. दुपारी झोप ही त्यांची जन्माची सवय. पावसाळ्यात पत्र्याखाली मुलाखत घ्यायला बसू नये, आवाजात पत्राच ऐकू येतो. पंखा बंद ठेवायचा, मोबाईलला कॉलरचा छोटा माईक लावायचा. आणि सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर त्यांच्या तोंडून संमती घ्यायची, हे कुणी बघावं आणि कुणी बघू नये तेही विचारायचं. काही गोष्टी, विशेषतः ठरवून बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्यांच्या, ते ‘माझ्या माघारी’ म्हणून सांगतात. त्या मी वेगळ्या ठेवतो.

एकाच कुस्तीच्या दोन गोष्टी मिळणं हे रोजचंच. जिंकलेल्याच्या गावात ती चितपट असते, हरलेल्याच्या गावात खांदा टेकलाच नव्हता, पंचांनी घाई केली. पूर्वी मला वाटायचं की खरं काय ते ठरवणं माझं काम. आता दोन्ही तशाच्या तशा नोंदवतो, कुणी सांगितलं, कधी सांगितलं आणि तो तिथं हजर होता की ऐकीव सांगतोय, हे प्रत्येक नोंदीला लावून. दोन गावांनी एक कुस्ती पन्नास वर्षं कशी सांभाळली, हेही या पट्ट्याच्या कुस्तीचंच अंग आहे.

फोटोंचं काम त्या मानानं सरळ. बहुतेक घरांत फोटो काचेला चिकटलेला असतो, विशेषतः २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांत. तो सोडवायला जायचं नाही, पापुद्रा काचेवरच राहतो. फ्लॅश बंद करून, मोबाईलच्या मागे काळं कापड धरून, काचेसकट फोटो घ्यायचा. सुटा फोटो असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, सहाशे डीपीआयला, कारण मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीनं लिहिलेलं गाव असतं. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. मूळ वस्तू घरच्यांकडेच परत. मी काहीही घेऊन येत नाही, आणि हे पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. त्यानंतरच कपाटं उघडतात.

स्कॅनच्या आणि व्हिडिओच्या तीन प्रती असतात. एक माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक त्या कुटुंबाला किंवा तालमीला पेनड्राइव्हवर. फाइलच्या नावात गाव, पैलवान, साल आणि सांगणाऱ्याचं नाव. नुसतं ‘फोटो १’ असलं की वर्षभरानं ते आपल्यालाही परकं होतं.

आता हलगीवाल्यांचं काम हातात घेतलंय. पैलवान आखाड्यात उतरताना वेगळा ठेका, कुस्ती रंगात आल्यावर वेगळा, निकाल लागल्यावर वेगळा. हे ठेके वाजवून दाखवणारी जुनी मंडळी थोडीच उरली आहेत आणि जाहिरातींवर त्यांचं नाव कधीच छापलं गेलं नाही. चैत्रातल्या जत्रा सुरू झाल्या की ती गावोगाव पांगतील, म्हणून त्याआधी गाठायचंय.

तुमच्या घरात असा एखादा फोटो किंवा जाहिरात असेल तर साधं एवढं करा. दोन्ही बाजूंचा मोबाईलनं फोटो काढा, दिवसाउजेडी, सावली पडू न देता. मूळ कागद घडी न घालता साध्या कोऱ्या कागदात ठेवून लोखंडी कपाटात, भिंतीपासून लांब ठेवा. आणि फोटोत उभ्या असलेल्यांची नावं घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आजच विचारून घ्या, डावीकडून उजवीकडे, मागची रांग धरून.