‘नको आहे’साठी रकाना नव्हता

अर्जातला पाचवा रकाना होता ‘सभासदत्व रद्द करण्याचे कारण’. पुढे चार चौकोन: आर्थिक अडचण, आजारपण, परदेशी बदली, सभासदाचा मृत्यू. मी चारही सोडले आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं, ‘नको आहे’. काउंटरवरचा मुलगा कळवळून म्हणाला, ‘मॅडम, सिस्टम हे घेत नाही. आर्थिक अडचण टिक करा ना, लवकर होईल.’ मला आर्थिक अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की मी शहाणी आहे असं मला चाळीस वर्षं वाटत आलं होतं आणि नऊ दिवसांपूर्वी मी एका हॉलिडे क्लबच्या कागदांवर अकरा सह्या करून बसले होते.

आम्ही दोघंच, पुण्यात राहतो. मूल नाही, आणि आता त्याबद्दल काही म्हणणंही नाही. एका मॉलमध्ये नवऱ्याने कुपन भरलं, आठवड्याने फोन आला की तुम्हाला जेवणाचं व्हाउचर लागलंय, फक्त रविवारी संध्याकाळी जोडीने या. ‘जोडीने’ यावर फार जोर होता. एकटा नवरा आला की ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणून सुटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हॉटेलच्या हॉलमध्ये पंधरा-वीस टेबलं, मोठ्याने गाणी, दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी ‘अभिनंदन’ आणि टाळ्या. आमच्या टेबलावरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, ‘मुलं किती?’ ‘नाहीत,’ मी म्हणाले आणि नेहमीसारखी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य साधारण डॉक्टरचं नाव, नाहीतर नवसाचं देऊळ असतं. हा म्हणाला, ‘वा, म्हणजे तुम्हाला मनात येईल तेव्हा निघता येतं!’ मूल नाही म्हटल्यावर काहीही न सुचवणारा तो पहिला माणूस. मी तिथेच विरघळले. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर भीडही नव्हती, नुसतं बरं वाटलं होतं.

मग नेहमीचं सगळं. किंमत पाच लाखांवरून निघाली, तो दोनदा ‘मॅनेजरशी बोलून’ आला आणि ३ लाख ४० हजारांवर टेकली. २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री, मधला सीझन, दोघांपुरती खोली. भाव फक्त आजच्या दिवसाचा. ५१ हजार कार्डावर, बाकीचे ३६ हप्ते खात्यातून परस्पर वळते होणार. वार्षिक देखभाल शुल्क वेगळं, हे त्याने सांगितलं नाही असं म्हणता येणार नाही. टाळ्यांच्या मधे सांगितलं.

बुधवारी रात्री नवऱ्याने एक्सेल उघडलं. हे काम रविवारी दुपारी करायचं असतं, पण असो. ३ लाख ४० हजारांवर वर्षाला ७ टक्के व्याज धरलं तर २३,८००. देखभाल शुल्क १६ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,८८०. बेरीज ४२,६८०, भागिले ७. रात्रीला सहा हजारांच्या वर, तेही जेवण सोडून. शिवाय देखभाल शुल्क दरवर्षी वाढणार, आणि मुद्दल २५ वर्षांनी परत मिळत नाही. हप्त्यांवरचं व्याज आम्ही धरलंच नव्हतं. अर्थात हे सातही रात्री वापरल्या तर. एका वर्षी तीनच रात्री गेलात की भागाकार करून बघा आणि वर पाणी प्या.

पण मला खरी चपराक बसली ती वेगळ्याच गोष्टीची. ही सगळी व्यवस्था शाळेच्या कॅलेंडरवर उभी आहे. वरचा सीझन म्हणजे मे महिना, दिवाळी, नाताळ, आणि खरी किंमत आहे ती त्या आठवड्यांत हमखास खोली मिळण्याची. ज्यांच्या घरी सहावीतलं पोरगं आहे त्यांना दुसरा इलाज नसतो; त्या दिवसांत हॉटेलवाले मागतील तो दर द्यावा लागतो, त्यांचा हिशोब कदाचित बसेलही. आम्हाला मे महिन्यात महाबळेश्वरला जायची गरज काय? आम्ही मंगळवारी जातो. कासला फुलं बघायला सप्टेंबरातल्या मधल्या वारी, कोकणात ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, जेव्हा दिवेआगरचा घरगुती खोलीवाला आपण होऊन दोनशे रुपये कमी करतो. आमचं निघायचं आदल्या रात्री ठरतं. या क्लबांत हव्या त्या ठिकाणी जागा पाहिजे तर महिनोन्‌महिने आधी बुकिंग करावं लागतं. म्हणजे ‘मनात येईल तेव्हा निघता येतं’ ही जी आमच्याकडे फुकट होती, तीच गोष्ट तो मुलगा आम्हाला विकून गेला होता. किंबहुना काढून घेऊन गेला होता.

आणि वारसाचा रकाना! छापील अर्जात ‘मुलगा / मुलगी’ असंच होतं. नवरा म्हणाला, ‘तुळस लिहू का?’ २५ वर्षांनी आम्ही साठी ओलांडलेली असू. मधे काही झालं तर भाच्याला काय मिळणार, दरवर्षीचं देखभाल शुल्क?

एक सांगायला हवं. माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, त्यांनाही मूल नाही, अशाच एका क्लबात खूश आहेत. त्यांना वर्षभर आधी ठरवायला आवडतं, दोघांचे आईवडील बरोबर नेतात, स्वयंपाकघर असलेली मोठी खोली घेतात आणि एकही रात्र वाया जाऊ देत नाहीत. तिच्याकडे वही आहे. तुमच्याकडे तशी वही असेल तर विचार करा.

तर रद्द करायचं ठरलं. करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की पैसे भरल्यापासून १० दिवसांत रद्द केल्यास रक्कम परत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे दरवर्षीच्या ठराविक रात्री अशा आगाऊ विकत घेण्यासाठी, वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जे छापलंय तेच आधी धरून चालायचं. युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार १४ दिवस मिळतात आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे आधी कार्ड घासून घेतात, मग मुदत सुरू होते.

गुरुवारी ईमेल केला. लगेच यांत्रिक उत्तर: ‘आपल्याला ७२ कामकाजाच्या तासांत संपर्क केला जाईल.’ मी तेव्हा नीट वाचलं नाही. ७२ कामकाजाचे तास म्हणजे, दिवसाचे ८ तास धरले, तर ९ दिवस. मुदत १० दिवसांची! शुक्रवारी एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. रद्द करण्याबद्दल नाही, ‘तुमची काळजी काय आहे’ हे समजून घ्यायला. दोन रात्री जास्त देते म्हणाल्या. शनिवारी दुसऱ्या बाई, चार रात्री. सोमवारी एक साहेब, ते म्हणाले की रद्द करायचा अर्ज फक्त शाखेत मिळतो, दोघांच्या सह्या लागतात, आणि ‘वेलकम किट’ मूळ स्वरूपात परत करावं लागतं. किट आलंच नव्हतं. ‘मग किट आल्यावर या.’ किट केव्हा येईल? ‘१५ दिवसांत.’

इथे कुणीही हरतं. मीही फोन ठेवून जरा रडले, रागाने.

मंगळवारी, नवव्या दिवशी, दोघांनी रजा टाकली आणि शाखा गाठली. तिसरा मजला, काचेच्या दारावर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर, दोन मुलं, अर्थातच. अर्ज भरला, ‘नको आहे’ लिहिलं. मुलाने आमचं नाव टाइप केलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, तुमचा सभासद क्रमांक अजून जनरेट नाही झाला. क्रमांकाशिवाय रद्द कसं करणार?’

‘म्हणजे आम्ही अजून सभासद नाही?’

‘आहात ना. पैसे भरलेत.’

‘मग रद्द करा.’

‘क्रमांक आला की करू.’

‘केव्हा येईल?’

‘किटमध्ये असतो.’

नवरा एकदम हसायला लागला. मी नाही. मी म्हटलं, बाळा, तू रद्द करू नकोस. तू फक्त या अर्जाच्या झेरॉक्सवर ‘मिळाला’ असं लिही, आजची तारीख घाल आणि शिक्का मार. शिक्का मॅडमच्या कपाटात होता. मॅडम जेवायला गेल्या होत्या. आम्ही त्या सोफ्यावर अडीच तास बसलो. मॅडम आल्या नाहीत, त्या मुंबई ऑफिसला होत्या असं चार वाजता कळलं. शेवटी मुलाने शिक्क्याशिवाय नुसती सही केली, तीही तारीख न घालता. तारीख मीच त्याच्यासमोर घातली आणि त्या कागदाचा, मागे भिंतीवरचं घड्याळ आणि कंपनीची पाटी दिसेल असा, फोटो काढला. तिथून थेट पोस्टात. तीच प्रत स्पीड पोस्टाने, एक शाखेच्या आणि एक मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर, आणि तोच मजकूर पुन्हा ईमेलने, पावतीचा फोटो जोडून. खर्च दोनशेच्या आत. चार महिन्यांत उपयोगी पडलेली एकमेव गोष्ट ती पावती. पोच देणाऱ्याची वाट बघू नका, आपली पोच आपण तयार करा.

हो, एक राहिलंच, हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं: ते जेवणाचं व्हाउचर वापरू नका. आम्ही त्या रविवारीच जेवलो होतो. पनीर बेताचंच होतं आणि परताव्यातून त्याचे ३,५०० रुपये कापले गेले.

बाराव्या दिवशी किट आलं. निळी पेटी, त्यात बॅगेला लावायच्या दोन चामडी पट्ट्या, आणि सभासद क्रमांक. मी ते न उघडता परत पाठवायला हवं होतं, पण क्रमांक तर आतच होता. उघडलं, फोटो काढले, परत पाठवलं. मग कळवण्यात आलं की ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे, परतावा ४५ कामकाजाच्या दिवसांत’.

५ मार्चला खात्यातून ९,६०० रुपयांचा पहिला हप्ता गेला.

बँकेत गेलो तर तिथला अधिकारी म्हणाला, मँडेट (म्हणजे खात्यातून हप्ते परस्पर वळते करायला आम्ही दिलेली मंजुरी) कंपनीकडून रद्द करून आणा. कंपनी म्हणाली, बँकेला सांगा. ही टोलवाटोलवी तीन हेलपाटे चालली. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा २० अक्षरी क्रमांक असतो, तो आम्हाला हप्ता कापल्याच्या नोंदीत सापडला. तो घालून बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली तेव्हा कुठे पुढचा हप्ता थांबला. रद्दचा अर्ज कंपनीला दिला त्याच दिवशी बँकेलाही द्या. आम्ही कंपनीवर विश्वास ठेवून बसलो, त्याची किंमत ९,६००.

४५ कामकाजाचे दिवस एप्रिलमध्ये संपले. फोन केला की ‘फाइल अकाउंट्सला आहे’. मे महिन्यात मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन काही आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते, एवढंच. पण चार दिवसांनी पहिल्यांदा अशा माणसाचा फोन आला ज्याने मला रात्री वाढवून देऊ केल्या नाहीत. त्याला मी शांतपणे सांगितलं की पुढची तक्रार ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते तिथेच ती दाखल करता येते, भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य आहे आणि माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे. हे सगळं मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं, हात थरथरत होता ते त्याला दिसत नव्हतं. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ मी लायब्ररीत आहे. ‘हो, तसंच काहीसं,’ म्हणाले. थोडा भाव खाल्ला, कबूल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ५७,१०० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. मी मंडईत होते, हातात कोथिंबिरीची जुडी. भाजीवालीला विनाकारण सुटे दहा रुपये जास्त दिले.

आठवड्याने परतावा-पत्रही आलं. त्यात रद्द करण्याचे कारण: ‘आर्थिक अडचण’.